आभाळाचे पाणी आणि पूर्वजांची पाळ
(कोहमारा येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल प्रथम आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो. अशा मेळाव्यांतून मुलांचे शिक्षण, वसतिगृहाचा निधी, लग्नातील खर्च, नोकरीधंदा या विषयांवर बोलण्याची वहिवाट आहे आणि ती योग्यच आहे. तथापि आपली बहुसंख्य घरे आजही ज्या धानशेतीवर उभी आहेत तिच्याविषयी, आणि ते धान ज्या पाण्यावर उभे राहते त्या पाण्याविषयी, आपल्या सभांतून क्वचितच बोलणे होते. यास्तव हवामान, जमिनीचा वापर आणि पाणी यांचा परस्परसंबंध हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे.

विषयाचे नाव ऐकून तो वेधशाळेतील विद्वानांचा आहे असे कोणास वाटेल. परंतु आपल्या कोहळी समाजास तो मुळीच परका नाही. किंबहुना आपल्या समाजाचे नाव या प्रांतात ज्या एका विद्येमुळे झाले, ती विद्या हीच होय.

आज आपण जेथे जमलो आहोत ते कोहमारा म्हणजे या विषयाचा जिवंत नकाशाच आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो, आणि गोंदियाहून नवेगावबांध व अर्जुनी-मोरगावकडे उतरणारा रस्ता त्याला येथेच छेदतो. उत्तरेस नागझिऱ्याचे अरण्य, दक्षिणेस नवेगावचे अरण्य, आणि मध्ये चुलबंद नदीच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्या. डोंगर, जंगल, तलाव आणि शेत ही चार अक्षरे येथे एका ओळीत लिहिलेली आहेत. ती जोडून वाचता आली, तर आमचे आजचे बोलणे पुष्कळसे आटोपते.

आपल्या घराण्यांतून चालत आलेली परंपरा अशी की, चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना तेथील तलाव बांधणारी मंडळी आपल्यासवे आणली आणि वैनगंगेच्या खोऱ्यात वसविली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकविणारे शेतकरी अशीच करून दिलेली आहे. चांद्याचा राजा हीरशहा याच्याविषयी असे सांगतात की, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन तो सनदेने देत असे. या एका नियमात केवढे शहाणपण आहे ते पाहा. इनाम मिळावयाचे ते आधी पाणी अडविल्यावर. आणि जमीन किती मिळावयाची हे राजाच्या मर्जीवर नव्हे, तर पाण्याच्या पोहोचेवर ठरावयाचे.

नवेगावचा बांध हे या विद्येचे शिखर होय. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. भोवतालच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात आणि बांधाच्या कामी त्या सात बहिणींनी पाटलास हातभार लावला अशी श्रद्धा आहे. पुढे लोकांनी पाटलासच कोलासूर देव म्हणून पुजिले. राजांची, संतांची मंदिरे सर्वत्र आढळतात. पण ज्याने मातीची पाळ घातली त्याला देवत्व देणारा मुलूख विरळाच. याच परंपरेत सिरेगावबांध आहे, शिवनीबांध आहे, आणि ज्यांची नावे गावाबाहेर कोणासही ठाऊक नाहीत असे शेकडो लहानमोठे तलाव व बोड्या आहेत. आज पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत मिळून असे ६,००० हून अधिक माजी मालगुजारी तलाव गणले जातात. त्यांनाच आपण संक्षेपाने मामा तलाव म्हणतो.

आता हे तलाव का बांधावे लागले, याचे गणित थोडे मांडू. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४,००० लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाकाठी सर्वसाधारणपणे १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एकेका एकराच्या वाट्यास ५० लाख लिटरांच्या आसपास पाणी येते. एवढी संपत्ती दरवर्षी फुकट घरी येत असता आपणांस पाण्याची चिंता का असावी? कारण एवढेच की, हे सारे पाणी बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत कोसळते. जुलैत पऱ्हे रोवणीस आले असता पाऊस दडी मारतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात धान गर्भात आले, निसवू लागले, की त्याला शेवटचे एक-दोन पाणी हवे असते. आणि नेमके तेव्हाच आभाळ कोरडे होते. आपल्या सिहार आणि मोरांड जमिनींचा ओलावा पावसाने पाठ फिरविल्यावर फार दिवस टिकत नाही. पूर्वजांचा तलाव हा या दोन खिंडारांवर घातलेला बांध होता. बारमाही बागायत करणे हा त्याचा हेतू नव्हता. हाती आलेले पीक दगावू न देणे हा होता.

त्यातही तलाव एकटा नसे. डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाच्या कडेस, वरचा तलाव, त्याचा सांडवा खालच्या तलावात, त्याच्याखाली बोड्या, बोड्यांखाली बांध्या, आणि उरलेले पाणी नाल्याने नदीस. वरचा तलाव गाळ धरून ठेवी आणि जमिनीत पाणी मुरवी, मधला शेत भिजवी, खालच्या बोडीवर जनावरे पाणी पीत. श्रीलंकेच्या कोरड्या भागात अशाच तलावमालिका आहेत, आणि तेथे वरच्या अंगास झाडांचा पट्टा राखण्याची रीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ साली त्या पद्धतीस जागतिक कृषिवारशाचा मान दिला. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावमालिका त्याच कुळातील आहेत, हे आपल्या मुलांस माहीत असावे.

आता आम्ही मुख्य प्रश्नाकडे वळतो. जंगल असले म्हणजे पाऊस येतो आणि जंगल तुटले म्हणजे पाऊस जातो, असे आपण सर्वच म्हणतो. हे कितपत खरे? या प्रश्नाची शास्त्रीय चौकशी ज्या प्रदेशावर प्रथम झाली, त्यात आपलाच जुना मध्यप्रांत होता, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असेल. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८७ साली भारतातील जंगलांचा पावसावर होणारा परिणाम या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. मध्यप्रांताच्या दक्षिण भागात १८७५ च्या सुमारास जंगल जाळून शेती करण्याच्या पद्धतीस आळा बसला आणि तेथे झाडी पुन्हा वाढू लागली. त्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतील पावसाचे आकडे ताडून पाहून, झाडी वाढल्याने पाऊस वाढत असावा, असा कल त्यांनी दर्शविला. पुढे त्याच खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी १९१० मध्ये देशभरचे आकडे तपासले आणि भारताचे हवामान कायमचे पालटले असल्याचा पुरावा आढळत नाही, असे मत दिले. एका खुर्चीवर बसलेल्या दोन विद्वानांची ही दोन मते.

पुढील शंभर वर्षांत ज्ञान बरेच पुढे गेले आहे. आपल्या मोसमी पावसाचे मूळ समुद्रात आहे, यात शंका नाही. परंतु पडलेले पाणी झाडांच्या पानांतून आणि ओल्या जमिनीतून पुन्हा वाफ होऊन वर जाते, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याचाही पाऊस पडतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखविले की, झाडीची जमीन शेतीखाली गेल्याने हा परतीचा वाटा घटतो आणि मोसमी पाऊस काही अंशी क्षीण होतो. तेव्हा ब्लॅनफर्ड अगदीच चुकले होते असे म्हणता येत नाही. तथापि एका गावाने जंगल राखले म्हणून त्या गावावर ढग थांबेल, अशी आशा कोणी धरू नये.

मग जंगलाचे खरे काम कोणते? आमच्या मते ते असे. पाऊस किती पडावा हे जंगल फार थोडे ठरविते. पण पडलेला पाऊस कोठे जावा हे ते जवळजवळ सर्वस्वी ठरविते. मोहाच्या, ऐनाच्या, तेंदूच्या झाडीखाली पालापाचोळ्याचा थर असतो. पावसाचा थेंब आधी पानावर, मग पाचोळ्यावर पडतो. त्याचा जोर मोडतो. मुळांच्या वाटेने तो जमिनीत उतरतो आणि पुढे महिनोन्‌महिने झऱ्याने, पाझराने खाली येतो. तोच थेंब उघड्या उतारावर पडला, की माती उखडतो, तिच्यासह धावतो, आणि तासाभरात नाल्यास पूर आणून मोकळा होतो. पाणी गेले ते गेले, वर तलावात गाळ टाकून गेले. आभाळ एकच, पाऊस एकच. जमिनीच्या वापरावरून एका ठिकाणी त्याचे धान होते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचा गाळ होतो.

हे नीट ध्यानात घेण्याची निकड आज अधिक आहे, कारण आभाळाचाही स्वभाव पालटत आहे. केंद्रीय भू-विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याचे कारण समजण्यास कठीण नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. तापलेल्या अरबी समुद्रावरून ते बाष्प इकडे येते आणि एकदम रिते होते. एकूण पाऊस कमी, पण एका वेळचा पाऊस अधिक. मधले कोरडे दिवस लांबलेले. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर पावसाची झड गेली आणि ढगफुटी आली.

दोन्ही टोके आपण अनुभविली आहेत. २०१७ साली पूर्व विदर्भात पावसाची मोठी तूट पडली आणि कित्येक शिवारांत पऱ्हे वाळून रोवणीच होऊ शकली नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टअखेर, वैनगंगेस महापूर येऊन भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हाहाकार उडाला. शिवाय उष्णतेचा एक मार असा आहे की जो डोळ्यांना दिसत नाही. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या १९७९ ते २००३ या वर्षांच्या नोंदींवरून असे आढळले की, कोरड्या हंगामात रात्रीचे तापमान एक अंशाने वाढले तर धानाचे उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटते. दिवसा कमावलेले अन्न रोप उष्ण रात्री श्वसनात खर्च करून टाकते. आपल्या उन्हाळी धानास ही गोष्ट तंतोतंत लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु उन्हाळी धानावर सारी भिस्त ठेवणाऱ्याने ती विचारात घ्यावी.

सज्जनहो, आता थोडे तुलनेने पाहू. थोड्या दिवसांत पुष्कळ पाणी, आणि मग लांब कोरडा काळ, अशा पावसास कोणते साधन योग्य? उत्तर एकच: गावोगावी पाणी अडवून धरणारा, लहान, उथळ, साखळीने जोडलेला तलाव. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटलांच्या पिढीने जे साधन उभारले, त्याची गरज त्यांच्या काळापेक्षा आपल्या काळात अधिक आहे. आणि दैवदुर्विलास असा की, गरज वाढत असतानाच साधन झिजत चालले आहे.

ते का झिजले, याची कारणे शांतपणे पाहिली पाहिजेत. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावांबरोबर तलावही सरकारात जमा झाले. मालगुजारी गेली हे न्यायाचेच झाले. त्या पद्धतीत कुळांवर अन्यायही पुष्कळ झाले होते, आणि तिचे गोडवे गाण्यास आम्ही येथे उभे नाही. परंतु त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. पाळीवर माती कोणी किती टाकावी, पाट कोणी उपसावा, तुडूम कधी उघडावा, हे गावात ठरलेले असे आणि ज्याची जमीन अधिक त्याचे काम अधिक असे. कायद्याने मालक बदलला. पण हे काम कोणी करावयाचे, ते गावात कोणाच्या अंगावर राहिले नाही. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि १०० हेक्टरपर्यंत भिजविणारे तलाव त्यांच्याकडे गेले. तलाव हजारो, निधी थोडा, आणि दप्तर तालुक्याच्या गावी. जी पाळ गावकऱ्यांनी दरसाल दोन दिवस राबून राखावयाची, तिची दुरुस्ती अंदाजपत्रकाची वाट पाहू लागली.

दुसरे कारण जमिनीच्या वापराचे. तलावाच्या वरच्या अंगास, जेथे पूर्वी झाडी आणि गवत होते, तेथे नांगर गेला. त्या मातीने तलावाचे पोट भरले. तिसरे कारण रस्ते, मुरमाच्या खाणी आणि वस्त्या. रस्त्याचा भराव आडवा पडला आणि खालून पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर ज्या ओहोळाने तलाव भरावयाचा त्याची वाटच मोडते. चौथे कारण तलावाच्या पोटातील शेती. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत पेरणे ही जुनी रीत आहे. पण ते पीक टिकावे म्हणून पाणी लवकर सोडून देणे, किंवा पोटातच बांध घालून बांधी पाडणे, ही जुनी रीत नव्हे. पाचवे कारण बेशरमची झुडपे. ती एकदा काठावर रुजली की तलावाचा तेवढा भाग गेलाच म्हणून समजावे.

येथे एक आक्षेप येईल. इटियाडोहसारखी धरणे झाली, कालवे झाले, विहिरींवर विजेचे पंप बसले; आता या मातीच्या डबक्यांचे काय काम? आमचे उत्तर असे. धरणाचे पाणी कालव्याच्या पोहोचेत असलेल्यांस मिळते, उंचावरच्या गावांस नाही. पंप पाणी उपसतो, निर्माण करीत नाही. विहिरीत येणारे पाणी तलावांतून आणि जंगलांतून मुरलेलेच असते. तलाव म्हणजे बँकेतील ठेव आणि पंप म्हणजे पैसे काढण्याची चिठ्ठी. ठेव न ठेवता चिठ्ठ्याच फाडीत राहिल्यास काय होते, हे या सभेतील व्यापारी बंधूंस आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा आक्षेप असा की, सरकारच्या गाळ काढण्याच्या योजना आहेतच. खरे आहे. २०१७ साली महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली, आणि सुपीक गाळ शेतात जाणे ही इष्ट गोष्ट आहे. परंतु यंत्र लावून तलावात वाटेल तेथे खोल खड्डे पाडणे म्हणजे तलाव सुधारणे नव्हे. तलावाच्या तळाशी चिकण मातीचा जो थर बसलेला असतो, तो फोडला तर पाणी झिरपून जाते. काठाचा उथळ उतार तोडला तर पाणवनस्पती जातात, त्यांच्यामागे मासे जातात आणि पक्षीही जातात. तलाव म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. तो जिवंत संसार आहे.

हा संसार आपल्याहून अधिक जाणणारे लोक आपल्याच गावांत आहेत. ते म्हणजे ढीवर बंधू-भगिनी. कोणते गवत कोठे उगवते, कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, देवधान कोठे पिकते, हे ज्ञान त्यांच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या आहे. अर्जुनी-मोरगावचे श्री. मनीष राजनकर यांनी ढीवर समाजाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, साहाय्याने बेशरम उपटून आणि देशी पाणवनस्पती लावून तलाव पुन्हा जिवंत करण्याचे जे काम केले आहे, ते आपल्या तरुणांनी जाऊन पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्यास पाणी शेतात हवे आणि मासेमारास ते तलावात हवे, हा वाद गावोगाव आहे. तो कोर्टात सुटावयाचा नाही. इतक्या हातांखाली पाणी उतरवावयाचे नाही, अशी खूण पाळीच्या दगडावर दोघांनी मिळून केली, तर तो चावडीवर सुटेल. पाळ आपल्या पूर्वजांनी घातली असली, तरी पाणी एकट्या आपले नाही, हे मोकळ्या मनाने मान्य करणे यातच आपल्या कुळाचा मोठेपणा आहे.

केवळ पूर्वजांची थोरवी गाऊन घरी जाण्यात अर्थ नाही. म्हणून आमच्या काही सूचना आपणांपुढे ठेवून हे बोलणे पुरे करतो.

पहिली सूचना ही की, प्रत्येक गावातील सभासद कुटुंबांनी आपल्या गावाच्या तलावाचे कागद काढावेत. विदर्भातील गावांसाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दप्तरे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे. पाण्याचा हक्क, वाट, वहिवाट त्यांत नोंदलेली असते. ज्यास आपला हक्क माहीत नाही, त्यास आपले कर्तव्यही आठवत नाही.

दुसरी सूचना अशी. तलावात पाणी आणणारे ओहोळ कोठून येतात, वाटेत ते कोठे बुजले, कोठे भराव आडवा आला, हे पावसाळ्यात स्वतः फिरून पाहावे आणि नकाशावर मांडावे. आपल्या मुलांपैकी कित्येक स्थापत्यशास्त्र शिकून अभियंते झाले आहेत; त्यांनी सुटीतील दोन दिवस यासाठी द्यावेत. एक बंद मोरी मोकळी झाली तरी कधीकधी अख्खा तलाव भरतो.

तिसरी सूचना थोडी कडू आहे. ज्याची बांधी तलावाच्या पोटात गेली आहे, त्याने ती स्वखुशीने मागे घ्यावी. तो नांगर कोणाचा आहे, हे आम्ही या व्यासपीठावरून विचारणार नाही. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिती ताडून पाहावी, एवढीच विनंती. तलाव बांधणाऱ्यांच्या वंशजांनी तलाव नांगरावा, याहून शोचनीय गोष्ट दुसरी नाही.

चौथी सूचना पिकांविषयी. तलावात पाणी बेताचे असेल त्या वर्षी उन्हाळी धानाचा हट्ट धरू नये. खरिपाच्या ओलाव्यावर लाखोळी, जवस, हरभरा ही आपली जुनी पिके येतात. ती पाणी थोडे घेतात आणि कडधान्ये जमिनीस नत्रही देतात. उन्हाळी धानाने हातात रोख पैसा येतो हे आम्ही जाणतो, आणि कर्जाचा हप्ता लाखोळीने फिटत नाही हेही जाणतो. म्हणूनच हा निर्णय एकट्या शेतकऱ्यावर न टाकता गावाने मिळून घ्यावा, आणि पाणी पाहून क्षेत्र ठरवावे.

पाचवी सूचना जंगलाची. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांस सामूहिक वनहक्क दिले आहेत. ज्या गावांस ते मिळाले आहेत, तेथे गोंड बांधवांच्या खांद्यास खांदा लावून तलावाच्या वरच्या अंगाची झाडी राखावी. त्यांच्या राजाने आपल्या पूर्वजांस येथे जमीन दिली. त्यांच्या जंगलाने आपले तलाव भरले. हे ऋण शब्दांनी फिटणारे नाही.

आणि शेवटची सूचना मंडळास. दरवर्षी या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, तो तसाच चालावा. त्याबरोबरच ज्या गावाने वर्षभरात आपला तलाव उत्तम राखला, त्या गावाचाही सत्कार व्हावा, आणि त्या तलावाची हकीकत या वार्षिक अंकात छापावी. पाळीवर माती टाकणाराचा मान परीक्षेत पहिल्या आलेल्याच्या मानाहून कमी नाही, हे मुलांना त्यातून कळेल.

तरुण मित्रहो, तुमच्यापैकी कोणी नागपुरास, कोणी पुण्यास, कोणी परदेशी जाल. अवश्य जा. परंतु तलाव सरकारचा आहे, आम्हांस त्याचे काय, हे वाक्य तुमच्या तोंडी येऊ देऊ नका. कागदावर तलाव कोणाचाही असो. त्याचे पाणी ज्याच्या ताटातील भातात आहे, त्याचा तो आहे. तापलेला समुद्र थंड करणे कोहमारा किंवा नवेगावच्या माणसाच्या हाती नाही. त्यासाठी साऱ्या जगाने शहाणे व्हावे लागेल आणि आपणही आपला वाटा उचलावा लागेल. पण आपल्या शिवारात पडलेला थेंब धावू द्यावयाचा की थांबवावयाचा, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. राजाने सनद देताना आपल्या पूर्वजांस जे विचारले, तेच आज काळ आपणांस विचारीत आहे: पाणी किती अडविलेस ते दाखव, मग जमीन किती माग ते सांग.